अंतराळातल्या फोटोंना रंग येतो कुठून? आणि मग ते फोटो खरे मानायचे की खोटे?

दिवाळी आली की फराळाच्या फोटोंसोबत आणखी एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास फिरतो. काळ्या पार्श्वभूमीवर भारताचा नकाशा आणि त्यावर चमकणारे पांढरे, निळे, हिरवे, लाल ठिपके. खाली ओळ असते, 'दिवाळीच्या रात्री अंतराळातून असा दिसतो आपला भारत. नासाने टिपलेलं दृश्य.'

हा फोटो दिवाळीचा नाही. तो कुठल्याही एका रात्रीचा नाही. अमेरिकेच्या हवामान उपग्रहांनी वेगवेगळ्या वर्षांत टिपलेली माहिती एकत्र करून शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी तो बनवला होता. त्यातला प्रत्येक रंग म्हणजे एक काळ आहे. पांढरे दिवे १९९२च्या आधीपासून दिसणारे. निळे १९९२मध्ये, हिरवे १९९८मध्ये आणि लाल २००३मध्ये नव्याने दिसलेले. थोडक्यात, भारतात शहरं आणि वीज कशी पसरत गेली, त्याचा हा नकाशा आहे.

२०१२च्या दिवाळीत नासाने १२ नोव्हेंबरच्या रात्रीचं भारताचं खरं उपग्रहचित्र प्रसिद्ध केलं आणि सोबत खुलासाही केला. दिवाळीच्या पणत्या, आकाशकंदील आणि फटाक्यांमुळे वाढणारा उजेड इतका थोडा असतो, की अंतराळातून तो बहुधा जाणवतही नाही.

मग फिरणारा फोटो बनावट होता का? तसंही नाही. त्यामागची माहिती खरी होती आणि रंगही विचार करून दिलेले होते. फॉरवर्ड होता होता हरवली ती रंगांचा अर्थ सांगणारी कॅप्शन.

हाच प्रकार आज ग्रह, तारे, दीर्घिका आणि कृष्णविवरांच्या चित्रांबाबत होतोय. एकीकडे नव्या दुर्बिणी कधी नव्हे इतकी माहिती पाठवत आहेत, तर दुसरीकडे एआयने बनवलेली अंतराळाची चित्रं टाइमलाइनवर भरून वाहत आहेत. 'नासाच्या फोटोंना रंग नंतर दिलेला असतो' हे एकदा कळलं, की अनेक जण थेट 'म्हणजे सगळंच खोटं' या टोकाला जातात. खरं काय, हे समजून घ्यायचं तर ही चित्रं बनतात कशी, इथून सुरुवात करावी लागेल.

दुर्बीण नेमकं काय टिपते?

दुर्बिणीवरचा कॅमेरा रंग टिपत नाही. त्याचा सेन्सर फक्त मोजतो, की कोणत्या पिक्सेलवर किती प्रकाश पडला. हाती येते ती आकड्यांची भलीमोठी जाळी. ती पडद्यावर दाखवली तर कृष्णधवल चित्र दिसतं.

खरं तर मोबाइलचा कॅमेराही याच तत्त्वावर चालतो. त्याच्या सेन्सरवर लाल, हिरवे आणि निळे असे बारीक फिल्टर बसवलेले असतात आणि त्यातून मिळालेल्या आकड्यांवरून फोन रंग 'काढतो'. दुर्बिणीत एकेक फिल्टर पुढे आणून त्याच भागाचे वेगवेगळे फोटो घेतले जातात. नंतर प्रत्येक फिल्टरच्या चित्राला एकेक रंग देऊन ती एकमेकांवर ठेवली जातात.

अडचण येते ती मानवी डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाची. जेम्स वेब दुर्बीण ०.६ ते २८.५ मायक्रॉन या तरंगलांबीचा प्रकाश टिपते. आपला डोळा साधारण ०.७ मायक्रॉनला थांबतो. म्हणजे वेबला दिसणारा जवळजवळ सगळा प्रकाश इन्फ्रारेड, आपल्यासाठी अदृश्य. तो दाखवायचा तर आपल्या डोळ्यांच्या टप्प्यात आणावाच लागतो.

त्यासाठी एक साधा नियम वापरतात. सर्वांत लांब तरंगलांबीला लाल, सर्वांत आखूड तरंगलांबीला निळा आणि मधल्यांना मधले रंग. गाण्याच्या मैफलीत गायकाला वरची पट्टी झेपत नसेल तर पेटीवाला तेच गाणं खालच्या पट्टीत वाजवतो. पट्टी बदलते, पण सुरांमधलं अंतर तेच राहतं आणि गाणं ओळखू येतं. वेबच्या चित्रात रंगांचंही असंच होतं.

जुलै २०२२मध्ये आलेलं 'कॉस्मिक क्लिफ्स' हे वेबचं चित्र अनेकांच्या फोनवर वॉलपेपर होतं. सुमारे ७,६०० प्रकाशवर्षांवरच्या धूळ आणि वायूच्या त्या तपकिरी कड्यांमागे सहा फिल्टरांमधून घेतलेली सहा कृष्णधवल चित्रं आहेत.

रंगांच्या आधी आणखी एक काम असतं. वेबकडून आलेलं कच्चं चित्र पडद्यावर उघडलं तर ते बहुतेक काळंच दिसतं. त्यात उजेडाच्या ६५ हजारांहून जास्त पायऱ्या असतात, तर साधा पडदा प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या दाखवतो. लखलखीत तारे आणि अगदी अंधूक धूळ एकाच चित्रात दिसावी म्हणून गणिती सूत्राने अंधूक भाग वर उचलावा लागतो. वेबसाठी हे काम अमेरिकेतल्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमध्ये जोसेफ डीपास्क्वाले आणि अलिसा पेगन या दोघांनी केलं. कोणता तपशील उठून दिसावा, हा निर्णय शेवटी माणसाचाच असतो. पण जिथे तारा नाही तिथे तारा काढण्याची मुभा त्यांना नसते.

मग रंग फक्त सजावटीसाठी असतात का?

अजिबात नाही. अनेकदा रंगांमुळेच विज्ञान दिसतं.

१९९५मध्ये हबलने टिपलेले 'पिलर्स ऑफ क्रिएशन' हे वायूचे खांब आठवा. त्या चित्रात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला आहे. प्रत्यक्षात हायड्रोजन आणि गंधक या दोघांचाही प्रकाश लालच असतो. एकाची तरंगलांबी ६५६ नॅनोमीटर, दुसऱ्याची ६७२च्या आसपास. दोघांना 'खरा' लाल रंग दिला असता तर कुठे काय आहे हे वेगळं ओळखताच आलं नसतं. इथे डोळ्याला दिसणारा रंग बाजूला ठेवल्यामुळे जास्त माहिती मिळाली.

दुसरं उदाहरण २००७चं. 'गॅलेक्सी झू' या उपक्रमात सामान्य लोक घरबसल्या दीर्घिकांच्या चित्रांचं वर्गीकरण करत होते. हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला एका दीर्घिकेखाली विचित्र निळा डाग दिसला. तो काय आहे, हे तेव्हा कोणालाच सांगता आलं नाही. पुढे कळलं की दीर्घिकेच्या केंद्रातल्या कृष्णविवराजवळून आलेल्या झोतामुळे तो वायूचा ढग उजळला होता. गंमत म्हणजे हबलने नंतर त्याचंच चित्र घेतलं तेव्हा तो हिरवा दिसला. वस्तू तीच, पण कोणत्या फिल्टरला कोणता रंग, हे दोन्हीकडे वेगळं होतं.

असं काम मुंबईतूनही चालतं. खगोलशास्त्रज्ञ आनंद होता यांनी २०१३मध्ये सुरू केलेल्या 'रॅड@होम' या उपक्रमात विद्यार्थी आणि हौशी अभ्यासकांना दीर्घिकांची चित्रं वाचायला शिकवलं जातं. अतिनील, दृश्य, इन्फ्रारेड आणि रेडिओ अशा वेगवेगळ्या दुर्बिणींची माहिती रंग देऊन एकत्र दाखवली जाते. त्यातली रेडिओ माहिती बरेचदा नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटीची असते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली ही दुर्बीण पुण्याचं एनसीआरए चालवतं. ऑक्टोबर २०२५मध्ये या उपक्रमाने युरोपातल्या लोफार दुर्बिणीच्या माहितीतून रेडिओ लहरींची दोन प्रचंड, एकमेकांना छेदणारी कडी शोधल्याचं प्रसिद्ध झालं. अशा कड्यांपैकी ती तोवरची सर्वांत दूरची ठरली. संगणकाने नजरेआड केलेला विचित्र आकार माणसाचा डोळा पकडतो, तो असा. मात्र त्यासाठी आकड्यांचं आधी चित्र व्हावं लागतं.

आदित्य-एल१ यानावरचं 'सूट' हे उपकरण पुण्याच्या आयुकात तयार झालं. डिसेंबर २०२३मध्ये त्याची सूर्याची पहिली चित्रं आली तेव्हा सूर्याच्या वेगवेगळ्या रंगांच्या चकत्या बघून अनेकांना प्रश्न पडला, की सूर्य असा कधीपासून झाला? ती ११ वेगवेगळ्या फिल्टरांतून घेतलेली चित्रं होती. २०० ते ४०० नॅनोमीटरच्या त्या अतिनील प्रकाशाला आपल्या डोळ्यांसाठी रंगच नाही. वेगवेगळ्या फिल्टरांतून सूर्याच्या वातावरणाचे वेगवेगळे थर दिसतात आणि ते वेगळे ओळखू यावेत म्हणून रंग दिलेले असतात.

नेपच्यूनचं काय झालं?

कॅप्शन हरवण्याचा आजार फक्त व्हॉट्सअ‍ॅपचा नाही. तो पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचलेला आहे.

शाळेत नेपच्यून गडद निळा आणि युरेनस फिकट हिरवट असं सगळ्यांनी पाहिलंय. नेपच्यूनचा तो निळा रंग आला ऑगस्ट १९८९मध्ये व्हॉयेजर-२ यानाने घेतलेल्या चित्रांमधून. ढग, पट्टे आणि वारे स्पष्ट दिसावेत म्हणून शास्त्रज्ञांनी त्या चित्रांचा कॉन्ट्रास्ट मुद्दाम वाढवला होता. त्यामुळे रंग प्रत्यक्षापेक्षा बराच गडद झाला. त्या वेळी चित्रांच्या कॅप्शनमध्ये हे लिहिलेलंही होतं. पण पुस्तकं, पोस्टर आणि टीव्हीवर चित्र पुढे गेलं, कॅप्शन मागे राहिली.

जानेवारी २०२४मध्ये ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन आणि सहकाऱ्यांनी हबल आणि चिलीतल्या 'व्हेरी लार्ज टेलिस्कोप'ची माहिती वापरून व्हॉयेजरच्या चित्रांचे रंग पुन्हा मोजले. निष्कर्ष असा, की दोन्ही ग्रह जवळपास सारख्याच फिकट हिरवट-निळ्या रंगाचे आहेत. नेपच्यून किंचित जास्त निळा, एवढाच फरक.

या गोष्टीत दोन धडे आहेत. एक म्हणजे चांगल्या हेतूने बदललेलं चित्रही संदर्भ सुटला की तीन दशकं चुकीचं शिकवू शकतं. दुसरा, जास्त महत्त्वाचा. ही चूक दुरुस्त करता आली, कारण १९८९चे मूळ आकडे जपून ठेवलेले होते.

कृष्णविवराचा फोटो तर चक्क 'बनवला' होता ना?

१० एप्रिल २०१९ला जगाने पहिल्यांदा कृष्णविवराची प्रतिमा पाहिली. सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरच्या एम८७ दीर्घिकेच्या केंद्रातलं ते केशरी कडं. तो केशरी रंगही निवडलेला होता. मूळ निरीक्षण १.३ मिलिमीटरच्या रेडिओ लहरींचं. कुठे लहरी तीव्र आणि कुठे क्षीण, एवढंच तो रंग सांगतो.

खरा पेच रंगाचा नव्हताच. एप्रिल २०१७मध्ये सहा ठिकाणच्या आठ दुर्बिणी एकत्र वापरून पृथ्वीएवढ्या दुर्बिणीचं काम करून घेतलं गेलं. पण पृथ्वीभर आठच दुर्बिणी म्हणजे माहितीत भरपूर मोकळ्या जागा. रांगोळीचे मोजकेच ठिपके समोर आहेत आणि त्यावरून अख्खी रांगोळी ओळखायची, असं ते काम. त्याच ठिपक्यांत वेगवेगळ्या रांगोळ्या बसू शकतात. मग आपल्याला हवी तीच काढली गेली नाही, हे कशावरून?

म्हणून शास्त्रज्ञांनी चार गट केले. एकमेकांशी न बोलता प्रत्येकाने स्वतंत्रपणे प्रतिमा तयार केली. नंतर चारही प्रतिमा शेजारी ठेवल्या तेव्हा सगळ्यांत कडं होतं आणि त्याची एक बाजू जास्त उजळ होती.

इथेही विषय संपलेला नाही. मे २०२२मध्ये आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातल्या कृष्णविवराची प्रतिमा आली. ऑक्टोबर २०२४मध्ये जपानच्या राष्ट्रीय खगोल वेधशाळेतले माकोतो मियोशी आणि सहकाऱ्यांनी त्याच खुल्या माहितीचं वेगळं विश्लेषण मांडलं. त्यांच्या मते तिथली रचना गोल कड्याऐवजी थोडी लांबट असावी. कोण बरोबर, हा वाद तज्ज्ञांचा आहे. पण तो होऊ शकला, कारण आकडे सगळ्यांसाठी उपलब्ध होते.

एआयमुळे काय बदललं?

एआय चित्रांची लाट येण्याआधीच एका फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने धोका दाखवून दिला होता. ३१ जुलै २०२२ला एतिएन क्लेन यांनी ट्विटरवर लाल, ठिपकेदार गोळ्याचा फोटो टाकला आणि लिहिलं, की वेब दुर्बिणीने टिपलेला हा आपला शेजारी तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी. हजारोंनी तो शेअर केला. प्रत्यक्षात तो चोरिसोचा, म्हणजे गोव्यातल्या चोरिसाच्या स्पॅनिश भाऊबंदाचा, गोल काप होता. क्लेन यांनी नंतर माफी मागितली आणि अधिकारी व्यक्तीने सांगितलं म्हणून चित्रावर लगेच विश्वास ठेवू नका, हे सांगायचं होतं असं स्पष्ट केलं.

तीन वर्षांनी हे मोठ्या प्रमाणावर घडलं. १ जुलै २०२५ला चिलीतल्या अ‍ॅटलस दुर्बिणीने '३आय/अ‍ॅटलस' हा धूमकेतू शोधला. सूर्यमालेबाहेरून आलेला हा केवळ तिसरा ज्ञात पाहुणा. २ ऑक्टोबरला मंगळाभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने सुमारे ३ कोटी किलोमीटरवरून त्याचं चित्र घेतलं. पण तेव्हा अमेरिकेत सरकारी कामकाज ठप्प होतं. चित्र जाहीर झालं १९ नोव्हेंबरला.

मधल्या काळात टाइमलाइनवर एआयने बनवलेले '३आय/अ‍ॅटलसचे फोटो' आले. सोबत परग्रहवासीयांच्या यानाच्या चर्चा आणि 'नासा लपवतंय'चे दावे. खरं चित्र आलं तेव्हा त्यात होता एक धूसर पांढरा ठिपका. त्यातला एक पिक्सेल म्हणजे सुमारे ३० किलोमीटर आणि धूमकेतूचा गाभा त्याहून कितीतरी लहान. त्यामुळे यापेक्षा जास्त दिसणं शक्यच नव्हतं. पण महिनाभर चकचकीत चित्रं पाहिलेल्यांना खरा फोटोच संशयास्पद वाटला.

फरक इथे आहे. वेबच्या चित्रातला प्रत्येक पिक्सेल मागे मागे नेला तर शेवटी सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाच्या मोजमापापर्यंत पोहोचता येतं. रंग बदला, कॉन्ट्रास्ट बदला, मोजमाप तेच राहतं. एआयच्या चित्रामागे त्या वस्तूचं मोजमाप नसतंच. त्यामुळे ते चुकीचं आहे की बरोबर, हे तपासायलाही काही नसतं.

हा प्रश्न आत्ताच महत्त्वाचा का?

कारण चित्रांचा पूर येतोय. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने २३ जून २०२५ला पहिली चित्रं जाहीर केली. तिचा कॅमेरा ३,२०० मेगापिक्सेलचा आहे. ट्रिफिड आणि लगून तेजोमेघांचं तिचं गाजलेलं गुलाबी-निळं चित्र सात तासांहून थोड्या जास्त वेळात घेतलेल्या ६७८ फोटोंचं मिळून बनलं आहे. पुढची दहा वर्षं ती दक्षिणेकडचं आकाश पुन्हा पुन्हा टिपणार आहे. एका रात्रीत सुमारे २० टेराबाइट माहिती.

एवढं सगळं कुणी डोळ्यांनी बघू शकणार नाही. म्हणून संगणक नवा फोटो आणि त्याच जागेचा जुना फोटो यांची वजाबाकी करतो आणि काय बदललं ते शास्त्रज्ञांना कळवतो. ती छोटी, कृष्णधवल, कंटाळवाणी चित्रं संशोधनासाठी. गुलाबी-निळं भव्य चित्र आपल्यासाठी. दोन्हींमागची माहिती एकच, पण वाचक वेगळे. आपल्यापर्यंत फक्त दुसरा प्रकार पोहोचतो आणि तोही बहुतेकदा कॅप्शनशिवाय.

फॉरवर्ड करण्याआधी काय बघायचं?

पहिलं, दुर्बिणीचं नाव आणि तारीख. 'नासाचा फोटो' एवढंच लिहिलं असेल तर ते पुरेसं नाही. हबल, वेब, रुबिन, आदित्य यांचा प्रत्येक जाहीर फोटो त्या त्या संस्थेच्या वेबसाइटवर असतो.

दुसरं, प्रकार कोणता. 'इलस्ट्रेशन' किंवा 'आर्टिस्ट्स कन्सेप्ट' लिहिलं असेल तर ते कल्पनाचित्र आहे. 'कॉम्पोझिट' म्हणजे अनेक चित्रं मिळून एक. 'एन्हान्स्ड कलर' म्हणजे रंग वाढवलेले. 'फॉल्स कलर' या शब्दातला 'फॉल्स' फसवणुकीचा नाही. डोळ्याला दिसतो त्यापेक्षा वेगळा रंग दिलाय, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरं, रंगांची यादी. वेबच्या चित्रांसोबत कोणत्या फिल्टरला कोणता रंग दिला हे छापलेलं असतं. शिवाय हबल आणि वेबची मूळ माहिती 'मास्ट' या ऑनलाइन संग्रहात मोफत मिळते. काही माहिती संशोधकांसाठी ठरावीक काळ राखून ठेवतात, नंतर तीही खुली होते. हौशी लोक ती उतरवून स्वतः चित्रं बनवतात.

चौथं, ताऱ्यांभोवतीचे काटे. वेबच्या चित्रात तेजस्वी ताऱ्याला सहा मोठे आणि दोन छोटे काटे दिसतात, हबलच्या चित्रात चार. हे दुर्बिणीच्या रचनेमुळे होतं. 'वेबचा फोटो' म्हणून आलेल्या चित्रात चारच काटे असतील तर शंका घ्यायला जागा आहे. पण काट्यांची नक्कल एआयलाही जमते, त्यामुळे फक्त यावर निकाल देऊ नये.

आणि पाचवं, फार सुंदर, फार स्पष्ट आणि फार सनसनाटी चित्र दिसलं तर जरा थांबावं. दूरची वस्तू बहुतेक वेळा धूसर ठिपक्यासारखीच दिसते.

राहिला प्रश्न दिवाळीच्या त्या फोटोचा. तो यंदाही येईल. डिलीट करायची गरज नाही, कारण चित्र चांगलंच आहे. फक्त पुढे पाठवताना खाली एक ओळ जोडता येईल : पांढरे दिवे १९९२च्या आधीचे, निळे १९९२चे, हिरवे १९९८चे, लाल २००३चे. हे दिवाळीचं दृश्य नाही, पण आपल्या गावात लाइट कधी आली, याचा अंदाज मात्र त्यावरून बांधता येतो.